चहा प्यायला वर जाणारे साहेब

आमच्या साइटवर बोलायचं ते फक्त साहेबांनी, असा साहेबांचा नियम होता, आणि तो त्यांनी लोखंडालाही लावला होता.

लोखंड म्हणजे बूम लिफ्ट. जाड चाकांची एक गाडी, तिच्यावर लांब होत जाणारा लोखंडी हात, आणि हाताच्या टोकाला कठड्याचा पिंजरा. त्या पिंजऱ्यात उभं राहून उंचावरच्या काचा बसवायच्या, रंग द्यायचा, वायरी ओढायच्या. कामगार त्याला पाळणा म्हणत. अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका डॉक्टरांचं हॉस्पिटल बांधणं चालू होतं, तिथे ही मशीन भाड्याने आणली होती. मी तिथे साइट इंजिनियर होते. साहेब ठेकेदाराकडून आलेले साइट इनचार्ज, म्हणजे आमच्यासाठी वरचा शब्द आणि शेवटचाही.

अशा मशीनला एक भोंगा असतो. जमीन तिरपी असली, चाक खचलं, की मशीन कलंडायच्या आधी तो ओरडतो. साहेबांना त्याचा आवाज खपत नसे. एका दुपारी त्यांनी भोंग्याच्या जाळीत चिंधीचा बोळा कोंबला आणि वरून चिकटपट्टी मारली.

"बकरीवानी मे मे करते," ते म्हणाले. "चहाची मजा जाते."

मी बोळा काढला. दुसऱ्या दिवशी नवा बोळा होता. मी तोही काढला. तेव्हा ते सगळ्यांसमोर मला म्हणाले, "इंजिनियर बाई, तुमी पुस्तकातल्या. आमी मातीतले. मशीनचं मले नोका सांगू." आणि तिसरा बोळा त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत कोंबला. मी मशीनच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या साहेबांशी बोलतो. बोलला असेल. बोळा तिथेच राहिला.

चहाचं प्रकरण असं की साहेब दुपारचा चहा जमिनीवर पीत नसत. ऊन जरा कललं की थर्मास घेऊन ते पाळण्यात चढायचे, शेजारी उभ्या ऑपरेटरला खूण करायचे आणि इमारतीच्या गच्चीच्याही वर जाऊन थांबायचे. तिथे कठड्याच्या सर्वांत वरच्या नळीवर बसायचे, गावातल्या पारावर बसावं तसे, आणि झाकणात चहा ओतून घ्यायचे. ज्या नळीवर साधा पायही ठेवू नये असा नियम आहे, तिच्यावर हे बैठक मारून. सुरक्षेचा पट्टा बांधलेला नाही. हेल्मेट हातात, आरतीच्या ताटासारखं, कारण डोक्यावर घातलं तर रंगवलेल्या केसांचा भांग मोडायचा.

वर बसून ते फोन लावायचे. ज्याला फोन लावला तो माणूस बरोबर त्यांच्या खाली उभा असायचा. "काहून बे, दम खाऊन राह्यला का?" असं ऐकू आलं की तो बिचारा मान वर करायचा, आणि साहेबांना ते फार आवडायचं. "वरून पाह्यलं म्हंजे माणसाची खरी उंची समजते," हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. मला तर खालून पाहिल्यावरच त्यांची समजायची.

रोज सकाळी ते कामगारांना एका ओळीत उभं करून सुरक्षेवर भाषण देत. ही पद्धत ठेकेदाराच्या कार्यालयाने घालून दिलेली, आणि चांगली पद्धत आहे ती. आज कुठे काम, तिथे धोका काय, कोण वर जाणार, खाली कोण थांबणार, एवढं बोलायचं असतं. साहेबांचं भाषण त्यांच्या तरुणपणावर असे. पाण्याच्या टाकीवर ते अनवाणी चढले होते. विजेच्या टॉवरवर एका हाताने लटकून त्यांनी दुसऱ्या हाताने तंबाखू मळली होती. तंबाखू मळायला दोन हात लागतात, हे त्या ओळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण कोणी विचारलं नाही.

"पट्टा म्हशीले बांधतेत," ते शेवटी म्हणायचे. "माणसाले छाती लागते."

आणि लगेच स्वतः पट्टा चढवायचे, कारण भाषणाचा फोटो कार्यालयाच्या ग्रुपवर टाकायचा असे. त्या फोटोत पट्ट्याचा हूक कशालाच अडकवलेला नसे. साहेब तो हातात धरून उभे असत, जसा नवरदेव कट्यार धरतो. वरून कोणीतरी अंगठा पाठवायचं. फोटो निघाला की पट्टा पुन्हा खुंटीवर.

माणूस कामाचा अजिबात नव्हता असं मी म्हणणार नाही. मजूर मिळत नसतील त्या दिवसांतही ते कुठून कुठून माणसं आणायचे. दर्यापूरकडची, म्हणजे माझ्याच गावाकडची, माणसं जीप भरून यायची. स्लॅब वेळेवर पडायचे. ठेकेदाराला एवढंच हवं होतं. बाकी साहेब काय करतात हे बघायला तो येत नसे, आणि आला तरी त्याला थर्मासातला चहा मिळायचा.

मशीनची चावी हा त्यांचा आणखी एक हट्ट. या मशीनला चालवायच्या कळा दोन ठिकाणी असतात, वर पिंजऱ्यात आणि खाली गाडीला. वरच्या माणसाला काही झालं, चक्कर आली, हात अडकला, तर खालचा माणूस त्याला उतरवू शकतो. पण त्यासाठी चावी खाली मशीनलाच असावी लागते. साहेबांना वाटायचं, चावी खाली राहिली तर त्यांच्यामागे कोणीही मशीन वापरेल. म्हणून ते चावी वरच्या कळांवर फिरवून काढायचे, शर्टाच्या खिशात घालायचे आणि मग वर जायचे.

"साहेब, तुम्हाला खाली आणायची वेळ आली तर?" मी एकदा विचारलं.

"मले कोण आणते खाली? मी सोताच येतो."

मशीन चालवायला गजानन होता. जुन्या शहरातला, मोर्णा नदीच्या पलीकडचा. घरचा धंदा फुलांचा. त्याची बायको सकाळी बाजारात हार आणि सुटी फुलं विकायची, आणि तो मशीन शिकून या कामाला लागला होता. शिकलेला होता, चालवायचा नीट, पट्टा बांधून हूक लावल्याशिवाय वर जायचा नाही. पण साहेबांसमोर त्याच्या तोंडातून एकच शब्द निघायचा, "हो जी." मशीन इथे लाव म्हटलं की हो जी. तिथे लाव म्हटलं की हो जी. मला त्याचाही राग यायचा. एवढा मोठा माणूस, आणि हो जीच्या पुढे त्याची गाडी जात नव्हती.

आता जमिनीबद्दल. आमच्याकडची काळी माती सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, दगडासारखी होते. पाणी प्यायली की फुगते आणि लोण्यासारखी होते. सगळ्यांत फसवी ती पाऊस उघडल्यावर, कारण वरचा पापुद्रा वाळून टणक दिसतो आणि आत सगळा गाळ असतो. माझ्या वडिलांची शेती याच मातीत आहे, पावसाळ्यानंतर ट्रॅक्टर कुठे घालायचा नाही हे आमच्या घरात लहान पोरही सांगेल. साहेबही याच मुलखातले. तरी त्यांची मातीची परीक्षा एकच: बुटाची टाच जोरात आपटायची आणि म्हणायचं, "टणक हाय."

मशीनच्या चाकांखाली टाकायला लोखंडी प्लेटा मागवल्या होत्या. आल्याही. साहेबांनी त्या गेटपासून स्वतःच्या केबिनपर्यंत अंथरून घेतल्या, कारण त्यांच्या गाडीची चाकं चिखलाने भरत. मी प्लेटा उचलायला माणसं पाठवली की ते माणसं दुसऱ्या कामाला लावायचे.

नवरात्राच्या तोंडावरची गोष्ट. पाऊस थांबून उन्हं पडली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टर काम बघायला येणार होते. इमारतीच्या पुढच्या भिंतीवर स्टीलची मोठी अक्षरं बसवून झाली होती. साहेबांनी गेटमधून पाहिलं आणि त्यांना 'रुग्णालय' या शब्दातल्या 'ला'चा काना वाकडा दिसला.

मी तेव्हा मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीचं काम बघत होते. पुढे आले तर मशीन भिंतीसमोर उभी, हात लांब केलेला, आणि वर पाळण्यात साहेब कठड्यावर बसून गजाननला अक्षर कुठे सरकवायचं ते दाखवतायत. मग मशीन कुठे उभी आहे ते मी पाहिलं. तिथून सांडपाण्याची नाली गेली होती. पाइप टाकून ती काळ्याच मातीने बुजवली होती, दाबली नव्हती. वरून नुसती वाळलेली खपली. मशीनचं पुढचं चाक बरोबर त्या भरावावर होतं.

मी खालून ओरडले. माझा फोन वाजला. साहेब.

"बाई, काहून ओरडून राह्यल्या?"

"साहेब, चाकाखाली नाली आहे. नुसता भराव आहे तो. हात आखडता घ्या आणि खाली या. आत्ता."

"मी टाच मारून पाह्यली. टणक हाय."

"साहेब, तुमचं वजन आणि मशीनचं वजन एक आहे का?"

"तुमचा जनम झाला नव्हता तईपासून मी..."

वाक्य अर्धंच राहिलं. चाक खाली गेलं. फार नाही, वीतभर असेल. पण जमिनीवरची वीत वर पोचेपर्यंत केवढी होते ते मी त्या दिवशी पाहिलं. पाळणा भिंतीकडे झेपावला, अक्षरांना घासला आणि झोका खाऊन परत आला. भोंगा गप्प होता. जाळीत बोळा नसता तर तो आधीच ओरडला असता. साहेब कठड्यावरून पडले. नशीब त्यांचं की ते पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला, गजाननच्या अंगावर पडले.

मग ते त्याला सोडेनात. दोन्ही हातांनी त्याची कंबर धरून ते त्याला ओढत मागच्या कोपऱ्यात घेऊन बसले. वरून मशीन हलवायची तर पायाखालचं पेडल दाबून धरावं लागतं, आणि पेडल पुढच्या बाजूला. गजानन त्याच्याकडे सरकायला बघायचा, साहेब त्याला मागे खेचायचे. त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

मी कामगारांना दूर पिटाळलं. कोणी पाळण्याखाली यायचं नाही, कोणी चाकाजवळ जायचं नाही. मी स्वतः मशीनपाशी धावले. खालच्या कळा तिथेच होत्या. चावी नव्हती.

"साहेब, चावी टाका!"

ते वरून माझ्याकडे पाहत होते. ऐकू येत होतं त्यांना. त्यांनी एक हात गजाननच्या कमरेचा काढून शर्टाच्या खिशावर ठेवला. मला वाटलं चावी काढतायत. नाही. त्यांनी खिसा दाबून धरला.

चाक आणखी खचलं. माझ्या हाताखाली ती गाडी जड जनावरासारखी हलली. पळून जावं असं वाटलं, हे खरं आहे. पळाले नाही ते शूर होते म्हणून नाही. वर गजानन माझ्याकडे बघत होता म्हणून.

"गजानन," मी ओरडले, "घे ती चावी त्यांच्या खिशातली."

त्याने साहेबांकडे पाहिलं. त्याही वेळी त्याने पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. मग साहेबांचा हात मनगटाला धरून बाजूला केला, खिसा फाडला आणि चावी खाली टाकली. ती नालीच्या चिखलात पडली. मी बोटं खुपसून ती काढली, ओढणीला पुसली आणि लावली.

अशा वेळी घाईने पाळणा थेट खाली आणायचा नसतो. हात लांबलेलाच ठेवून खाली आणला तर वजन आणखी पुढे जातं आणि मशीन कलंडते. आधी हात आखडून घ्यायचा, सावकाश, आणि मगच खाली. बाजूला फिरवायचं तर नाहीच. हे मी कुठे वाचलं, कोणाकडून ऐकलं, तेव्हा काही आठवत नव्हतं. माझे हात आपोआप ते करत होते. लोखंडी हात इंचाइंचाने आत येत होता, तसं चाकावरचं ओझं कमी होताना मला पायांना जाणवत होतं. मग पाळणा उतरू लागला. तो जमिनीला लागला तेव्हा मी मशीनला टेकून उभी राहिले.

गजाननने हूक सोडवला. साहेबांना त्याच्या कमरेपासून दोन कामगारांनी वेगळं केलं. साहेब बाहेर आले, केसांवरून हात फिरवला, फाटक्या खिशाकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, निदान पाणी मागतील.

"भाड्याच्या मशीनचं असंच राह्यते," ते म्हणाले, आणि प्लेटांवरून चालत केबिनमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मी त्यांना सगळं सांगायचं ठरवूनच आले होते, पण साहेबांनी त्यांना गेटवरच गाठलं. मी पोचले तेव्हा गोष्ट रंगात आली होती.

"पोट्टं घाबरून गेलं जी. उडी मारते का काय असं झालं त्याले. मंग मीच त्याले धरून ठेवलं. म्हनलं, मी हावो ना."

डॉक्टर मान हलवत होते. अनुभवी माणूस, असं काहीसं म्हणाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात गेटमधून गजानन आला, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको. बाजारातून थेट आली होती, ओच्याला शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या. ती कोणाकडे न बघता डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"तुमीच मालक काय?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"हे आमचे मालक," तिने गजाननकडे बोट केलं. "त्याइले या मानसाच्या संग वर पाठवू नोका. मले दुसरं काही मांगाचं नाही."

साहेब हसले. "बाई, मीच त्याले धरून ठेवलं होतं. इचार त्याले."

तिने विचारलं नाही. "सदरा वर करा," ती गजाननला म्हणाली.

गजानन लाजला. इतक्या लोकांत कशाला, असं पुटपुटला. तिने स्वतःच त्याचा सदरा कमरेच्या वर केला. दोन्ही कुशींवर काळेनिळे वळ होते, आणि जिथे नखं रुतली होती तिथे खपल्या धरल्या होत्या.

"धरलं, हो," ती म्हणाली. "पाहा कसं धरलं."

डॉक्टर पुढे झाले. त्यांनी वाकून वळ पाहिले, बोटाने एका ठिकाणी हलकेच दाबलं, गजाननला विचारलं, लघवीला रक्त वगैरे नाही ना. मग सरळ उभे राहिले आणि साहेबांना म्हणाले, "माणूस दुसऱ्याला सावरतो तेव्हा असे वळ उठत नाहीत. माणूस दुसऱ्याला लटकतो तेव्हा उठतात."

साहेब म्हणाले, "तसं नाही जी, गजानन सांगेल ना. काय बे गजानन?"

गजानन सदरा खाली करत होता. मला वाटलं, आता हो जी. त्याने बटण लावलं आणि म्हणाला, "मी तुमच्या संग नाही चढत साहेब. या साइटवर तुमी असले तं मी मशीनच नाही चालवत."

आवाज मोठा नव्हता. पण काचा बसवणारे तिथेच उभे होते, रंगारी होते, ते एकेक करून गजाननच्या बाजूला जाऊन उभे राहिले. घोषणा नाही, काही नाही. नुसते उभे. मी डॉक्टरांना मशीनपाशी नेलं आणि बाकीचं सांगितलं, थोडक्यात. सांगायला फारसं उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ठेकेदाराने साहेबांना तिथून उचललं. जाताना त्यांनी सगळ्यांचा निरोप घ्यायचा म्हणून गाडी गेटपाशी थांबवली. काम चालू होतं. कोणी गेलं नाही. थोडा वेळ हॉर्न वाजवून ते निघून गेले.

पुढे माझंही काम अमरावतीला निघालं. मागच्या दिवाळीआधी तिथे कापडाच्या एका दुकानात कोणीतरी मागून "इंजिनियर बाई" म्हणालं. साहेब होते. केस तसेच काळेभोर. बरोबर त्यांच्या पत्नी, हातात पिशव्या. साहेब मला भेटून खरोखर खूश झालेले दिसले, आणि याचंच मला जास्त नवल वाटलं.

"हे आमच्या अकोल्याच्या साइटवरच्या बाई," त्यांनी ओळख करून दिली. "मशीनचं काम इले मीच शिकवलं."

वहिनी माझ्याकडे बघून हसल्या. साधी, दमलेली बाई. "तुमीच काय त्या? मशीन खचली होती तई खाली होत्या तुमी? हे सांगतेत, तुमी लय घाबरल्या होत्या म्हून."

"घाबरले होते," मी म्हणाले.

"घाबरनारच ना जी. मले तं आयकूनच कसंतरी होते." मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "पण एक मले कधी समजलंच नाही. मशीन तं तिरपी झाली होती. मंग तुमी खाली कसे आले?"

साहेब समोरच्या कापडाच्या थानाचं टोक बोटांत घेऊन त्याचा पोत बघत होते.

"कसा आलो म्हंजे? उतरलो."

वहिनी माझ्याकडे वळल्या.

"उतरले नाहीत वहिनी," मी म्हणाले. "उतरवलं."

त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या, आणि दुकानदाराला दुसरा रंग दाखवायला सांगितला.